बक्षीस मिळालेल्या पानावरच चूक निघाली, आता काय करू?

वाचकाचं पत्र

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या आठवीतल्या चार मुलांनी ज्ञानेंद्रियांवर एक शैक्षणिक वेबसाइट तयार केली. मजकूर, चित्रं, प्रश्नमंजूषा सगळं त्यांचं. आंतरशालेय स्पर्धेत तिला विशेष प्रशस्तिपत्र मिळालं आणि परीक्षकांनी 'जिभेचा नकाशा' या पानाचं नाव घेऊन कौतुक केलं. त्या चित्रात जिभेच्या टोकाला स्पर्श केला की 'गोड' उजळतं, कडांना 'खारट' आणि 'आंबट', मागच्या बाजूला 'कडू'.

मागच्या आठवड्यात दंतवैद्यक शिकणाऱ्या एका मुलीचा ईमेल आला. जिभेचा असा नकाशा नसतोच, ही जुनी चूक आहे, असं तिने अगदी सौम्य शब्दांत लिहिलंय. मुलांचे चेहरे पडले. ज्या मुलीने ते चित्र काढलं ती तेव्हापासून गप्प आहे. एक जण म्हणतो साइटच काढून टाकू, दुसरी म्हणते कुणाला न सांगता पान बदलू. मोठ्या बाईंचं म्हणणं, 'बक्षीस मिळालंय, आता कशालाही हात लावू नका.' त्यात डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत चार महिन्यांनी संपतेय आणि पुढच्या वर्षी ही मुलं माझ्याकडे नसतील. मी काय करावं?

उत्तर

प्रिय बाई,

ती विद्यार्थिनी बरोबर आहे. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण मुलांना धीर द्यायच्या नादात 'तसं दोन्ही बाजूंनी म्हणता येतं' असं काहीतरी बोलून जाण्याचा धोका असतो. इथे दोन बाजू नाहीत. गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मशरूम, मांसाच्या रश्शात लागते तशी चव) या पाचही चवी जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके, आहेत तिथे कळतात. टोकाला आहेत, कडांना आहेत, मागे आहेत. टाळूच्या मागच्या मऊ भागावरही आहेत. जिभेच्या मध्यावर त्या विरळ असतात, त्यामुळे तिथे सगळ्याच चवी मंद लागतात. भागाभागांत थोडा कमीजास्त फरक असतो, पण चवींची अशी वाटणी नसते.

ही चूक कशी जन्माला आली हे मुलांना जरूर सांगा, कारण त्यांच्या वेबसाइटचं सगळ्यात चांगलं पान त्यातून तयार होऊ शकतं. 1901 साली डेव्हिड हॅनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेने ठिकठिकाणी वेगवेगळ्या चवींचे द्राव लावून पाहिले. किती सौम्य द्राव कुठे ओळखता येतो, हे तो मोजत होता. काही ठिकाणी काही चवी किंचित लवकर कळतात, एवढंच त्याला आढळलं. पुढे 1942 मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात त्या निष्कर्षांवरून एक आलेख काढला. त्यात संवेदनशीलता तुलनेने दाखवली होती. फरक प्रत्यक्षात किती बारीक आहे, हे त्या आलेखावरून कळत नव्हतं. वाचणाऱ्यांनी रेषा खाली गेली म्हणजे तिथे ती चव लागतच नाही, असा अर्थ घेतला आणि जिभेचे चार प्रांत तयार झाले. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज या संशोधिकेने पुन्हा तपासलं, तेव्हा फरक आहेत पण अगदी किरकोळ, असंच दिसलं. तरीही तो नकाशा पाठ्यपुस्तकांतून आणि तक्त्यांतून पुढे जात राहिला. तुमच्या मुलांनी ती चूक शोधून काढली नाही, पण केलीही नाही. ती त्यांच्यापर्यंत छापील रूपात चालत आली.

म्हणून ती आता त्यांची जबाबदारी नाही, असं मात्र नाही. उलट बक्षीस मिळाल्यामुळे ती वाढली आहे. मुखपृष्ठावर प्रशस्तिपत्राची खूण झळकत असेल तर दुसऱ्या शाळेतली सहावी-सातवीची मुलं प्रकल्पासाठी ते पान डोळे मिटून उतरवून घेतील. शिक्षकही 'बक्षीसपात्र साइट आहे' म्हणून तिचा पत्ता वर्गात देतील. बक्षीस नसतं तर ते पान शंभरातलं एक असतं. आता त्यावर कुणीतरी विश्वासाचा शिक्का मारला आहे. मोठ्या बाईंना मी नेमकं हेच सांगेन. त्यांची काळजी शाळेच्या नावाची आहे आणि ती रास्त आहे. पण चूक कळवणारा ईमेल आलेला आहे, म्हणजे ती बाहेर कुणालातरी ठाऊक आहे. उद्या आणखी कुणी लिहील. त्या वेळी पान तसंच असेल तर शाळेला कळूनही तिने काही केलं नाही, असा त्याचा अर्थ होईल. तेच आज दुरुस्ती लावलेली असेल तर येणाऱ्याला आधी ती दिसेल.

मुलांचे दोन्ही पर्यायही मला समजतात. साइट काढून टाकावीशी वाटणं म्हणजे लाज वाटणं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यांसमोर चूक निघणं फार जिव्हारी लागतं. पण त्या साइटवर डोळे, कान, त्वचा, नाक यांची पानं आहेत आणि ती चांगली असणार. एका पानासाठी सगळ्यांची मेहनत पुसायची? शिवाय ज्यांनी तो नकाशा आधीच वहीत उतरवला आहे, त्यांना तो चुकीचा होता हे कधीच कळणार नाही. गुपचूप बदलण्याचंही तसंच. पान सुधारेल, पण ज्याने जुनं पान वाचलंय तो परत आला तर त्याला वाटेल आपणच काहीतरी उलटं वाचलं होतं. आणि मुलांना त्यातून काय मिळेल, तर चूक झाकायची सवय. विज्ञानाच्या वेबसाइटवरून ही सवय लागू नये असं मला मनापासून वाटतं.

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. 'पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध' असा साधा तक्ता. त्यात लेखकाची मान खाली जात नसे. वाचकाची फसगत होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. तुमच्या मुलांनी हेच करायचं आहे. पानाच्या अगदी वर, मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत, तारखेसह. मुलांनी स्वतः लिहावं, पण नमुना म्हणून असं काही चालेल:

'दुरुस्ती: या पानावर आधी जिभेचा नकाशा होता. त्यात प्रत्येक चवीसाठी जिभेचा वेगळा भाग दाखवला होता. ते चूक होतं. रुचिकलिका असलेल्या सगळ्या भागांत सगळ्या चवी कळतात. एका वाचकाने ही चूक आम्हाला कळवली. आम्ही ती पडताळून पाहिली आणि पान नव्याने लिहिलं.'

यात 'अनवधानाने', 'दिलगीर आहोत', 'काही तांत्रिक कारणामुळे' असले शब्द नकोत. काय चूक होतं, बरोबर काय आहे, कसं कळलं, इतकं पुरे.

नकाशाचं चित्र मात्र फेकू नका. ज्या मुलीने ते काढलंय तिच्याशी आधी एकटीशी बोला. तिच्या चित्रकलेत काहीच चुकलेलं नाही. स्पर्श केला की भाग उजळतो, ही रचना तिने जमवली म्हणूनच परीक्षक तिथे थांबले. तेच चित्र 'आपल्याला असं शिकवलं जातं' या मथळ्याखाली ठेवता येईल, त्यावर ठळक काट मारून, म्हणजे कुणी नुसतं चित्र उचललं तरी काट सोबत जाईल. शेजारी तिनेच दुसरं चित्र काढावं. त्यात कुठेही स्पर्श केला तरी पाचही चवी उजळतील, मध्यभागी मंद. हे काम तिच्याकडेच द्या. दुसऱ्या कुणाला दिलंत तर ती शिक्षा समजेल. आणि हा नकाशा गटात कुणी सुचवला, कुणी शोधला, याची चौकशी अजिबात करू नका. चौघांची नावं प्रशस्तिपत्रावर आहेत, तर दुरुस्तीही चौघांची.

मग प्रयोग करायला लावा. जिभेचा नकाशा खोटा ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, पाणी घातलेला लिंबाचा रस आणि कापूस गुंडाळलेल्या स्वच्छ काड्या घ्या. प्रत्येकाच्या काड्या वेगळ्या, आणि एकदा जिभेला लागलेली काडी पुन्हा द्रावात बुडवायची नाही. कुठला द्राव आहे हे चाखणाऱ्याला ठाऊक नसावं. जीभ बाहेर काढलेलीच ठेवायची आणि समोर ठेवलेल्या 'गोड', 'खारट', 'आंबट', 'काहीच नाही' या चिठ्ठ्यांपैकी एकीवर बोट ठेवायचं. हे महत्त्वाचं, कारण जीभ आत घेतली की द्राव सगळीकडे पसरतो आणि प्रयोग बिघडतो. मध्ये साध्या पाण्याने चूळ. फार मागे काडी नेऊ नका, उमळून येतं. घरच्यांची परवानगी आधी घ्या, कुणाला कशाची ॲलर्जी असेल तर त्याला नोंदी घेण्याचं काम द्या. कडेला लावलेलं साखरेचं पाणी गोड लागलं की मुलांचे चेहरे बघा. ते पान मग कुणाचं उतरवलेलं राहणार नाही.

मुलांची तयारी असेल तर आणखी एक गोष्ट सुचवते, आणि मला हीच सगळ्यात जास्त आवडते. बोरिंगच्या आलेखाने जो घोळ झाला तो त्यांनी स्वतः करून दाखवावा. चार आकडे घ्यायचे, समजा 96, 97, 99 आणि 100. त्यांचा एक स्तंभालेख शून्यापासून सुरू करायचा आणि दुसरा 95 पासून. पहिल्यात चारही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात, दुसऱ्यात पहिला स्तंभ शेवटच्याच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा दिसतो. आकडे तेच. आठवीच्या मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसलं की बातम्यांतले आलेखही ती वेगळ्या नजरेने बघतील.

आता संदर्भांबद्दल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की मुलांनी नकाशा एकाच ठिकाणाहून घेतला नसणार. तीन-चार ठिकाणी बघितला असेल आणि सगळीकडे सारखाच मिळाला म्हणून खात्री वाटली असेल. एकमेकांवरून उतरवलेली चार पानं म्हणजे चार साक्षीदार होत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी मुलांना 'किती ठिकाणी मिळालं' याऐवजी 'यांना हे कुठून मिळालं' असं विचारायला शिकवा. दोन पावलं मागे गेलं की बहुतेक वेळा एकतर मूळ अभ्यास सापडतो, नाहीतर माग हवेत विरतो. माग विरला की ती माहिती साइटवर घालायची नाही. आणि याच निमित्ताने बाकीच्या पानांवरून एक हात फिरवा. ज्ञानेंद्रियं म्हटली की 'माणसाला नेमकी पाचच असतात' हे वाक्य बहुतेक असणारच. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते, आणि डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं. ते वाक्य आत्ताच नीट करून घ्या.

आयोजकांना कळवायचं का, असं तुम्ही विचारलेलं नाही. माझं मत, कळवायचंच, आणि त्यांनी वाचून कुणाला विचारण्याआधी. स्पर्धेला जशी साइट पाठवली होती तशी तिची एक प्रत आधी बाजूला जपून ठेवा, तारीख घालून. स्पर्धेच्या नियमांत निकालानंतर बदल करण्यावर काही बंधन आहे का ते पाहून घ्या. मग त्यांना चार ओळी लिहा: अमुक पानावर अशी चूक आढळली, आम्ही ती उघडपणे दुरुस्त करतो आहोत, मूळ प्रत आमच्याकडे आहे, पुढे काय करायचं तो निर्णय तुमचा. परीक्षकांच्या नजरेतून ती निसटली याचा उल्लेख नको, त्यांना ते आपोआप कळेल. प्रशस्तिपत्र परत मागतील का? मला तसं वाटत नाही, कारण परीक्षण सादर केलेल्या कामाचं झालेलं असतं आणि चूक प्रामाणिक आहे. पण मागितलंच तर देऊन टाका, आणि ती शक्यता मुलांना आधी सांगून ठेवा. मोठ्या बाईंनाही.

डोमेनचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलाय, पण माझ्या लेखी तो चुकीच्या नकाशाइतकाच मोठा आहे. मुलांनी केलेल्या शैक्षणिक वेबसाइटना दीर्घायुष्य क्वचित लाभतं. थिंकक्वेस्ट ही जगभरातल्या विद्यार्थ्यांची स्पर्धा 1996 मध्ये सुरू झाली. वेगवेगळ्या देशांतली मुलं गट करून एखाद्या विषयावर वेबसाइट बनवायची आणि त्या सगळ्या एका ग्रंथालयात ठेवल्या जायच्या. हजारो साइट जमल्या, कितीतरी शिक्षक त्या वर्गात वापरत. 2013 मध्ये तो उपक्रम बंद झाला आणि ते ग्रंथालयही गेलं. एवढ्या मोठ्या उपक्रमाची ही गत, तर चार मुलांच्या साइटची काळजी कोण घेणार, हे आजच ठरवायला हवं.

सगळ्यात वाईट काय होऊ शकतं, तर मुदत संपते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि तो पत्ता दुसराच कुणी विकत घेतो. दुसऱ्या साइटवरचे दुवे, शाळेच्या पत्रकावरचा उल्लेख सगळं तसंच राहतं आणि त्यावर टिचकी मारली की जुगाराची जाहिरात उघडते. हे खरंच घडतं. म्हणून दोनांपैकी एक करा. साइट चालू ठेवायची असेल तर ती शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळाखाली हलवा, म्हणजे वेगळी मुदत, वेगळा पासवर्ड हा प्रकारच राहणार नाही. जुन्या पत्त्याचं निदान एक-दोन वर्षं नूतनीकरण करा आणि तिथे आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवा, तोवर ज्यांनी दुवा दिलाय त्यांना तो बदलायला सांगा. शाळा पुढे सांभाळणार नसेल तर साइट नीट बंद करा. दुरुस्ती लावून झाल्यावर वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर एकेक पान जतन करा, मुलांना प्रत्येकी एक प्रत द्या, शाळेच्या संगणकावर एक ठेवा, आणि मग मुखपृष्ठावर 'ही साइट अमुक तारखेपासून अद्ययावत केली जात नाही' असं लिहून मुदत संपू द्या. जतन दुरुस्तीनंतरच करा, म्हणजे अर्काइव्हमध्ये शेवटची प्रत बरोबर असेल.

साधेपणाबद्दलही थोडं. मुलांना नवनवीन साधनं वापरायचा मोह होतो आणि ते छानच आहे. पण फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले शाळकरी प्रकल्प आठवा. 2020 च्या शेवटी फ्लॅशचा आधार थांबला आणि ती सगळी खेळती चित्रं एकाएकी रिकामी झाली. साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या मूळ भाषेत, लिहिलेली 1990 च्या दशकातली पानं मात्र आजही उघडतात. तुमची जीभ कशावर उजळते हे एकदा बघून घ्या. बाहेरच्या एखाद्या मोफत सेवेवर अवलंबून असेल तर ती सेवा बंद पडल्यावर पानावर काय दिसेल? निदान एक स्थिर चित्र आणि त्याखाली तोच आशय शब्दांत असावा. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा वाचक स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो, त्यालाही मग ते पान वाचता येतं. ज्ञानेंद्रियांवरच्या साइटवर ही सोय नसणं मला तरी फार खटकेल.

'आमच्याविषयी' या पानावर मुलांची पूर्ण नावं, छायाचित्रं, इयत्ता, शाळा आणि एखाद्याचा स्वतःचा ईमेल असेल तर आजच काढा. पहिली नावं पुरेत, आणि संपर्काला शाळेचा पत्ता.

राहिली ती ईमेल पाठवणारी विद्यार्थिनी. तिला अजून उत्तर गेलं नसेल असं पत्राच्या सुरावरून वाटतं. ते उत्तर तुम्ही लिहू नका, मुलांना लिहू द्या, चौघांनी एकत्र बसून. आभार मानायचे, काय करतो आहोत ते सांगायचं आणि नवीन पानाचा मसुदा सोबत जोडून 'हे बरोबर आहे का' असं विचारायचं. तिने वेळ काढून सौम्य शब्दांत लिहिलंय, ती बहुधा वाचून सुचवेलही. पान तिच्या नजरेखालून गेल्यावरच प्रसिद्ध करा. दुरुस्तीच्या टिपेत तिचं नाव घालायचं असेल तर तिला विचारा. तिने नको म्हटलं तर वरच्या नमुन्यातलं 'एका वाचकाने' तसंच राहू द्या.